कवळीला घाईत दिलेला निरोप

सांगते, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. हसताना सांडाल.

इस्रायलमध्ये, अश्केलोनला आल्यावर मी हिब्रू शिकले ती भाजीवाल्याशी भांडून आणि वर्तमानपत्र वाचून. कुणा मास्तराचे उपकार नाहीत! म्हणून दात कायमचे बसवायचे ठरले, तेव्हा माझी मुलगी रिव्का म्हणाली, "आई, मी येते बरोबर. डॉक्टरला चार गोष्टी विचारायला हव्यात."

"मला वाचता येत नाही का?"

कागद चार पानी होता. पहिलं पान वाचलं नि रुबाबात सही ठोकली. 'मधुमेह आहे का?' पुढे 'नाही' लिहिलं. दातवाल्याला माझ्या साखरेशी काय करायचंय?

मला घाई होती हो! नात शिराचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. मेंदीची आपली मराठी गाणी सगळी येणारी मी एकटीच उरलेली. आणि पुढच्या चार दातांची माझी कवळी गाताना उडायची. एकदा तर मलिद्याच्या, म्हणजे आमच्या नवसाच्या प्रसादाच्या ताटात, थेट पोह्यांवर!

म्हणून दात बसवायच्या दिवशी सकाळी तिला बसस्टॉपच्या कचरापेटीत टाकलं. "जा बाई, फार छळलंस!" वर हातही हलवला.

डॉक्टर रशियाहून आलेला, शांत. त्याने आधी माझं बोट टोचलं. रिव्काने फोनवर चुगली केली होती.

"बाई, साखर लपवलीत तर जखम चिघळेल, स्क्रू सुटेल. तोंड तुमचं आहे, माझं नाही."

नशीब, गोळ्या वेळेवर घेत होते. साखर आटोक्यात निघाली, स्क्रू बसले. मी म्हटलं, "आरसा द्या."

"कशाला?"

"दात बघायला!"

"दात? आज फक्त स्क्रू. हाडाने ते धरायला काही महिने लागतात, मग दात. तिसऱ्या पानावर लिहिलंय. तोवर जुनी कवळी मी घासून बेताची करून देतो. कुठे आहे?"

मी कचरापेटीचं सांगितलं. कचऱ्याची गाडी केव्हाच गेलेली! तो म्हणाला, नवी करू. मी तोऱ्यात म्हटलं, "काही नको!"

घरी येऊन तोंडावर पदर धरून बसले. "मेंदीला मी गाणार नाही."

शिराला मराठी कळतं, पण उत्तर नेहमी हिब्रूत. ती वही घेऊन शेजारी बसली. "सावता, मग मला शिकव." सावता म्हणजे आजी. रोज दुपारी मी तशीच, पुढच्या दातांवाचून गायचे, ती ऐकू येईल तसं हिब्रू अक्षरांत उतरवायची.

मेंदीच्या दिवशी शिरा आणि तिच्या मैत्रिणी, धडधाकट बत्तिशीच्या पोरी, जोरात गायला लागल्या, "फाफरी निघाली फोनफाखळी!"

सासरी नाही, फाफरी! सोनसाखळीची फोनफाखळी! म्हाताऱ्या हसून हसून रडल्या, मग नुसत्याच रडल्या. माझा पदर कधी गळून पडला, कळलंच नाही. मीही गायले, सगळ्यांत मोठ्याने.

आज, इतक्या वर्षांनी, माझे दात चणे फोडतात. परवा शिराच्या मुलीला म्हटलं, "बाळा, 'सासरी' म्हण." ती पाच वर्षांची कार्टी कमरेवर हात ठेवून म्हणते, "नाही! फाफरी! आईच्या वहीत तसंच आहे."

मी तिसरं पान वाचलं नाही, आणि ही वहीतलं एक अक्षर सोडत नाही!