मिस्टर हान यांची च्वी

मिस्टर हान भाजी कापायला नखं कापायची छोटी कात्री वापरत. दर रविवारी सकाळी वाफ्याशी उकिडवे बसून एकेक पान. ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगच्या आमच्या भाड्याच्या घराला लागूनच त्यांचं घर, कुंपण जेमतेम खांद्याइतकं. एवढ्या वेळात मेथीच्या दोन जुड्या निवडून होतील, असं मला कुंपणाशी उभं राहून हटकून वाटे. म्हातारा हसे. "टेक लीफ. मदर स्टे," म्हणे. मदर म्हणजे मुळं. च्वी ही कोरियन पालेभाजी एकदा लागली की वर्षानुवर्षं फुटत राहते, पण पहिली तीन वर्षं तिला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम.

भाजी होती बायकोसाठी. स्ट्रोकनंतर त्या नर्सिंग होममध्ये होत्या. नवऱ्याला ओळखत नव्हत्या, चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटत. फक्त च्वीच्या वासाला तोंड उघडे, आणि त्या घासामागून थोडा भात जाई. याउपर हानना आयुष्याकडून काही नको होतं.

सप्टेंबरात ते पडले, खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलच्या खाटेवरून त्यांनी मला कृती सांगितली. उकळत्या पाण्यात मिनिटभर, गार पाण्यात तासभर, कडूपणा गेला की घट्ट पिळून सोया सॉस, तिळाचं तेल, ठेचलेला लसूण. "नो चिली," हे दोनदा बजावलं. कात्रीबद्दल काही बोलले नाहीत. ते मला माहीतच होतं.

शुक्रवारी मला युनिव्हर्सिटीत उशीर होणार होता. पुण्याहून आलेल्या आईला फोन केला, "शेजारच्या आजोबांची भाजी तेवढी आणून ठेवशील?" माझ्या आईने जन्मभर पालेभाजी मुळासकटच पाहिलेली. घरी आले तर ओट्यावर दोऱ्याने बांधलेल्या अकरा जुड्या.

"वाफापण साफ करून टाकला गं. बिचारे कधी करणार?"

"आणि मुळं?"

"छाटून त्या हिरव्या बिनमध्ये टाकली."

कचऱ्याची गाडी दुपारीच येऊन गेली होती. आईवर ओरडावं असं तोंड मला राहिलं नव्हतं. चूक माझी होती, आणि ती आजही मला खाते.

रविवारी मी करून नेलेली वाटीभर भाजी मिसेस हाननी संपवली. उरलेली मी उकडून फ्रीझरमध्ये ठेवली.

हान वॉकर घेऊन घरी आले, वाफ्यापाशी थांबले. आई कौतुकाच्या अपेक्षेने बाहेर आली. तिच्यापुढे ते कमरेत वाकले. "थँक यू. व्हेरी क्लीन." मग मला हळूच म्हणाले, "डोन्ट टेल हर. शी वर्क हार्ड."

फ्रीझरमधली भाजी डिसेंबरात संपली. मग ते तसाच पालक करून नेऊ लागले. मिसेस हान वास घेत, ओठ मिटत. तो पालक हान तिथेच बसून स्वतः खात. जानेवारीत मी सिडनीच्या एका कोरियन बाईंकडून च्वीची चार रोपं आणली. हाननी एक पान चुरगाळून हुंगलं आणि कुंडी मला परत दिली.

"थ्री इयर," म्हणाले. "माय वाइफ, नो थ्री इयर."

मार्चमध्ये मिसेस हान गेल्या.

आई अजून पुण्याहून फोनवर विचारते, "त्या आजीबाईंनी माझी भाजी आवडीने खाल्ली होती ना गं?"

"हो आई," मी म्हणते, "सगळी खाल्ली."