वर्गात बाबा, सभागृहात मी

माझ्या कॉलेजच्या पहिल्या दिवशी रजिस्टरमध्ये माझी हजेरी लागलेली आहे. मी मात्र वर्गात नव्हते.

बी.एस्सी.ला मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरच्या कॉलेजात माझा नंबर लागला तेव्हा बाबा म्हणाले होते की पहिल्या दिवशी मी येतो सोडायला. मी साफ नाही म्हटलं. धोतर-टोपीतला बाप सोबत दिसला तर पोरी काय म्हणतील? (हा विचार करणारी मी स्वतः आईची चप्पल घालून निघाले होते.) बाबांनी वाद घातला नाही. त्यांनाही त्या दिवशी संत्रा बागायतदारांच्या कुठल्याशा प्रशिक्षणाला सौंसरलाच जायचं होतं. कुठे, ते मी विचारलं नाही. पहिल्या दिवशी गैरहजर राहिलं तर नाव कटते, असं कोणीतरी सांगितल्यामुळे मी लोधीखेड्याहून सकाळची पहिलीच बस पकडली.

कॉलेजच्या सभागृहापाशी टेबल मांडून एक माणूस बसला होता. मी नाव सांगितलं, रोशनी वानखेडे, लोधीखेडा. त्याने यादीवर बोट फिरवलं, ‘आर. वानखेडे, लोधीखेडा’ सापडलं, मी सही केली. त्याने मला पोहे-चहा दिला, एक वही दिली आणि आत बसवलं. कॉलेज इतकं प्रेमळ असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं!

आत बहुतेक विद्यार्थी पन्नाशीचे होते. मला जरा नवल वाटलं, पण बी.एस्सी. अवघड असते, लोक वर्षानुवर्षं अडकतात, असं ऐकून होते. शिकवणारे साहेब चक्क मराठीत बोलत होते. फळगळ का होते, झाडाला डिंक्या कसा लागतो, बुंध्याला बोर्डो पेस्ट किती उंच लावायची. वनस्पतिशास्त्र म्हणजे हेच असणार, म्हणून मी शब्द न् शब्द उतरवून घेतला. माझ्या शेजारचे विद्यार्थी मधूनमधून घोरत होते. त्यांची मला काळजी वाटली, परीक्षेत काय लिहितील?

मग साहेबांनी मलाच उभं केलं आणि विचारलं, ताई, तुम्ही संत्र्याचा आंबिया बहार घेता की मृग? घरी जन्मापासून हेच ऐकत आलेले. मृग का घेतो, पाणी केव्हा तोडतो, सगळं घडाघडा सांगितलं. टाळ्या पडल्या. पहिल्याच दिवशी मी वर्गात पहिली आले होते. बक्षीस म्हणून एक टोपी आणि छाटणीची कात्री मिळाली.

इकडे बाबा उशिरा पोचले. टेबलावरचा माणूस म्हणाला, आर. वानखेडे तर केव्हाचे आत आहेत, सही आहे त्यांची. बाबांचं नाव रमेश. त्यांनी वाद घातला नाही. (ते कधीच घालत नाहीत, सगळा घोळ तिथेच होतो.) आलोच आहे तर पोरीला लांबून पाहून जाऊ, म्हणून ते पहिल्या वर्षाच्या वर्गापाशी गेले. आत हजेरी चालू होती आणि पोरगी कुठेच नव्हती. सरांनी पुकारलं, “रोशनी वानखेडे.” कोणी बोलेना. सरांनी दुसऱ्यांदा पुकारलं. आता नाव कटते म्हणून बाबांचा जीव खालीवर झाला आणि ते दारातून म्हणाले, “उपस्थित.”

सर इटारसीकडचे, हिंदी बोलणारे. त्यांनी चष्मा वर केला. “आप रोशनी हैं?”

“आजच्या दिवस मीच समजा, सर.”

सर भले माणूस. त्यांनी हजेरी लावली आणि बाबांना पहिल्या बाकावर बसवलं. पुढे त्यांनी फळ्यावर पानाचं चित्र काढलं, तेव्हा बाबांनी हात वर करून नम्रपणे सांगितलं की या पानावर रोग पडून राहिला. पोरं खूश. मधल्या सुट्टीपर्यंत वर्गाने एकमताने आपला प्रतिनिधी निवडला होता.

सुट्टीत मी टोपी घालून, हातात कात्री घेऊन बाहेर आले. व्हरांड्यात वीसेक पोरापोरींच्या घोळक्यात बाबा उभे, कपाळाला स्वागताचा टिळा.

“बाबा, तुम्ही इथं काय करून राहिले?”

“कॉलेज करून राहिलो,” बाबा म्हणाले. मग माझ्या कात्रीकडे पाहून हळूच विचारलं, “अन् तू वो?”

दुसऱ्या दिवशी मी स्वतः वर्गात जाऊन “उपस्थित” म्हटलं. सगळ्या वर्गाने वळून पाहिलं आणि मागून कोणीतरी हिरमुसून विचारलं, “काका नाही आले?”

तीन वर्षांनी निकाल लागला. वनस्पतिशास्त्रात मी अगदी काठावर तरले होते. गुणपत्रिका माझ्या हातात देताना सरांनी ती दोनदा पाहिली आणि सुस्कारा सोडला.

“बेटा,” ते म्हणाले, “पिताजी को ही भेजती रहती.”