दोनशे सतरा नंबरचं पाकीट

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ग्रेट ब्रिटनमध्ये बेसबॉलची कार्डं जमवणाऱ्या मराठी माणसांची संख्या निम्म्यावर आली आहे. आधी आम्ही दोघं होतो. आता मी एकटी. ग्लासगोचे डॉक्टर अच्युतकाका गेले, त्याला पाच आठवडे झाले. असल्या घोषणा मी फोनवर करायचे आणि काका पलीकडून म्हणायचे, "अगं, हळू. धडकी भरते." आता धडकी मला भरली होती, आणि ती कशाची, ते सांगायलाच बसले आहे.

काका नात्याचे नव्हेत. मी लंडनजवळ वॉटफर्डला फार्मसिस्ट. एका चॅरिटी शॉपमध्ये बुटांच्या खोक्यात ही कार्डं सापडली, पत्त्यांएवढी, पुढे खेळाडूचा फोटो आणि मागे त्याची कुंडली, आणि मी बिघडले ती बिघडलेच. कार्डं पोस्टाने अदलाबदल करणाऱ्यांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. तिथे एक मराठी आडनाव दिसलं आणि मी सरळ मराठीत विचारलं, "तुम्हाला घरचे वेडे म्हणतात का हो?" उत्तर आलं, "बायको म्हणते. आपण?" असे आठ वर्षांपूर्वी भेटलो. काका तरुणपणी वर्षभर अमेरिकेतल्या हॉस्पिटलात नोकरीला होते. नवखा, एकटा माणूस. सोबत म्हणून घरमालकिणीने त्यांना या कार्डांचा एक अर्धा संच दिला होता. उरलेला अर्धा जमवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. खेळाचे नियम शेवटपर्यंत धड कळले नाहीत, पण एकच कार्ड उरलं होतं. नंबर दोनशे सतरा. कुणी डावखुरा पिचर, चेंडू फेकायच्या आधी डोळे मिटलेला.

काका भूलतज्ज्ञ होते. जन्मभर लोकांना निर्धास्त झोपवलं, आणि स्वतः मात्र प्रत्येक पाकिटाच्या काळजीत. पावसाने भिजेल, पोस्टमन वाकवेल, कोपरा दुमडेल. कार्ड प्लास्टिकच्या टणक कव्हरात, ते कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये, वर निळी टेप, आणि टेपचं टोक दुमडलेलं, म्हणजे काढताना ओढाताण नको. एकदा मी टोक दुमडायला विसरले तर पंधरा मिनिटं ऐकून घ्यावं लागलं. "पेशंटच्या नळीला गाठ मारून पाठवशील का तू?" पण त्यांची खरी भीती वेगळी होती. माझ्या आधी एका माणसाने त्यांना खऱ्या कार्डाच्या बदल्यात रंगीत प्रिंट पाठवली, आणि वर म्हणाला, "मी तर ओरिजिनलच पाठवलं होतं." म्हणजे खोटे काकाच. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी कुणाशीच व्यवहार केला नाही. माझ्याशी सुरू केला तो एका अटीवर: पाकीट आलं की पाठवणाऱ्याला फोन लावायचा आणि तो ऐकत असतानाच उघडायचं. कात्रीचा आवाज, टेपचा आवाज, मग काकांचा थांबलेला श्वास... आणि मग, "आहे गं. आहे." मागून निर्मलाकाकू ओरडायच्या, "झाली का डिलिव्हरी? मुलगा की मुलगी?"

यंदा मला दोनशे सतरा मिळालं. नीट देऊन टाकावं ना? पण माझा स्वभाव! मी त्याची एक नकली प्रत मिळवली, ती कव्हरात घातली, आणि खरं कार्ड खालच्या पुठ्ठ्याच्या पोटात लपवलं, वर तिसरा पुठ्ठा चिकटवून. काका फोनवर उघडणार, भिंग लावणार, "अगं... हे खरं नाही गं" म्हणणार, आणि मी दोन मिनिटं आढेवेढे घेऊन सांगणार, "पुठ्ठा फाडा, काका!" ज्या माणसाला एकदा असंच फसवलं गेलं होतं, त्याच्याशी ही थट्टा. तेव्हा मला ती फार सुंदर वाटली होती.

पाकीट काकांकडे पोहोचलं त्या दिवशी माझ्या दुकानात फ्लूच्या लशीची रांग होती. अकराला काकांचा फोन वाजला, साडेअकराला पुन्हा. मी दोन्ही पाहिले. दोन्ही घेतले नाहीत. मनात म्हटलं, जरा तळमळू देत, मजा वाढेल. तिसरा फोन आलाच नाही. संध्याकाळी सहाला मी लावला, गळा खाकरून, नाटकाची तयारी करून. काकूंनी उचलला. "अगं, ते गेले गं. दुपारी. खुर्चीतच."

त्यानंतर मी काय काय बोलले, आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की फोन ठेवला आणि डोक्यात एकच प्रश्न उरला. तिसरा फोन का आला नाही? वाट पाहून त्यांनी उघडलं असेल म्हणून. उघडलं, भिंग लावलं, नकली निघालं, आणि मी फोन घेत नाहीये. काय समजले असतील? हीसुद्धा तसलीच. आणि त्यानंतर छातीत... पुढचा विचार मी करत नव्हते, तो आपोआप व्हायचा. औषधांच्या बाटल्यांवर लेबलं लावताना व्हायचा. काकूंना विचारायची हिंमत नव्हती. रोज फोन करायचे, जेवलात का विचारायचे, पाकिटाचं नाव काढायचे नाही.

शेवटी पाचव्या आठवड्यात मी ग्लासगोला गेले. वॉटफर्डहून थेट ट्रेन आहे, एरवी मी अख्खा डबा हसवत जाते. या वेळी स्कॉटलंडच्या सीमेजवळचं कार्लाइल गेल्यावर मी परतीच्या गाड्या शोधू लागले. दार काकूंनी उघडलं, चहा टाकला, आणि म्हणाल्या, "त्यांच्या खोलीत बस. मी काही हलवलेलं नाही."

टेबलावर भिंग. स्पीकरवाला जुना फोन. फोनच्या बाजूला माझं पाकीट, माझ्या अक्षरातला पत्ता, आणि त्यावर आडवी ठेवलेली कात्री. पाकीट बंद होतं. चारी बाजूंनी बंद.

काकू कप घेऊन आल्या. "तुझ्या फोनची वाट बघत होते. मी म्हटलं, उघडा की, तुमचंच आहे. तर म्हणाले, 'ही पोरगी नक्की काहीतरी चावटपणा करून ठेवणार. तिला ऐकू न येता उघडलं तर तिची सगळी मजा जाईल.' मग बसले... आणि मग डोळा लागला, असं मला वाटलं."

मी त्यांना सगळं सांगितलं. नकली, खरं, पुठ्ठा, न घेतलेले दोन फोन. काकूंनी कपाटातून अल्बम आणला आणि शेवटचं पान उघडून माझ्यासमोर ठेवला. नऊ खणांपैकी आठ भरलेले. मी कात्री उचलली, पाकिटाची कड पकडली. तेवढ्यात काकूंनी माझं मनगट गच्च धरलं आणि म्हणाल्या,

"थांब, थांब! आधी ह्यांना फोन लाव!"