पॅकिंगचं नववं भोक

आमच्या शेजारच्या काशीराम मिस्त्रीला स्वतःला भूक लागलेली कळत नसे, पण ट्रकच्या इंजिनात तेल कुठवर पोचलं ते तो नुसत्या आवाजावरून सांगे. पोलादपुरात मुंबई-गोवा रस्त्यालगत त्याचं पत्र्याचं गॅरेज आणि मागे घर. मी भिंतीपलीकडची, त्यामुळे त्याच्या घरातलं भांडंसुद्धा मला विचारून पडे. बायको सुंदराबाई गेल्यापासून पडायला भांडीही फारशी उरली नव्हती. एक पातेलं, एक ताट. मी चिडवायची, "मिस्त्री, इंजिनाशी बोलता तेवढं माणसांशी बोललात तर तोंडाला गंज नाय चढायचा." तो हसायचा, तेही पाना फिरवत.

एकोणऐंशी सालच्या मार्चात त्याने श्रीपतच्या ट्रकचं इंजिन बांधून दिलं. श्रीपतचा ट्रक हेच त्याचं एक कायमचं काम उरलं होतं. बाकी सगळ्यांनी महाडचं एक मोठं वर्कशॉप धरलं होतं. तिसऱ्याच दिवशी कशेडी घाटात इंजिनाचा माथा खडखडायला लागला. श्रीपतने ट्रक कसाबसा गॅरेजपर्यंत आणला. त्याचं म्हणणं, तेलाचा दाब दाखवणाऱ्या मीटरची सुई जराही खाली आली नाही, म्हणजे तेल कमी नाही; नक्कीच विकणाऱ्याने भेसळीचं दिलं.

मिस्त्रीने वरचं झाकण काढलं. आतले झडपा दाबणारे रॉकर कोरडे ठणठणीत, घासून निळे पडलेले. मग तो श्रीपतला समजावत बसला आणि मी भिंतीवरून ऐकत. पंप तेल ढकलतो, ते आधी खालच्या बेअरिंगांना मिळतं आणि सगळ्यात शेवटी माथ्यावर चढतं. मीटरची नळी जोडलेली असते खाली, पंपाच्या जवळ. तिथे दाब भरपूर, म्हणून सुई खूश. माथ्याची वाट बंद झाली तर तिला पत्ताही लागत नाही.

वाट बंद होती ती रॉकरच्या बैठकीखाली, दोन लोखंडांच्या मधे बसवतात त्या पॅकिंगमुळे. पॅकिंग तो घरीच जाड कागदाचं कापी. कागद लोखंडावर धरून हलक्या हाताने हातोडी ठोकली, की भोकांचे ठसे उठतात. तो ठोकायचा आणि सुंदराबाई बोट ठेवून मोजायची. मला माझ्या चुलीपाशी ऐकू यायचं, "सात, आठ, आणि ह्ये बारकं, नऊ." मी सगळीकडे सांगायची, दोघं रमी खेळतात म्हणून. या वेळी मोजायला कोणी नव्हतं. बारकं भोक पाडायचं राहिलं होतं, आणि माथ्यावर जायची तेलाची वाट तीच.

भेसळीच्या गाळानेच वाट बुजली म्हणत श्रीपत तेलवाल्याशी भांडायला निघालाच होता. मिस्त्रीने फक्त गप्प राहायचं होतं. मीसुद्धा डोळ्याने खुणावलं. पण तो म्हणाला, "तेलाचा दोष नाय रे श्रीपत. भोक पाडायचं मीच इसरलो."

श्रीपत मागे फिरून ट्रकच्या पायरीवर बसला. मिस्त्री नवं पॅकिंग कापायला बसला. मी मोजते म्हटलं, तर "ऱ्हाऊ द्या, वैनी," म्हणाला, आणि स्वतःच ठोकून स्वतःच मोजत राहिला, तीन-तीनदा. रॉकर बदलून, झाकण न लावताच त्याने इंजिन चालू केलं. माथ्यावर तेल झुळझुळत आलं. श्रीपतने ते पाहिलं, मान हलवली आणि ट्रक नेला. पुढच्या कामाला मात्र तो महाडला गेला.

त्यानंतर एका संध्याकाळी मिस्त्री ओट्यावर बसला असताना श्रीपतचा ट्रक समोरून गेला, न थांबता. मी लगेच म्हटलं, "काय मिस्त्री, पावना चा प्यायला बी थांबला नाय?"

त्याने हात वर करून मला गप्प केलं. गावाबाहेरच्या चढाला ट्रकने गिअर बदलला.

"वर पोचतंय तेल," तो म्हणाला. आवाज वळणाआड पार विरून गेला तरी त्याचा हात तसाच वर होता.