थिजलेलं खोबरेल
बाथरूममधलं खोबरेल थिजलं की मला २००९ च्या हिवाळ्यातला स्कॉटलंडचा तो डोंगर आठवतो. मी तिथल्या ज्या हॉस्पिटलात नोकरी करत होते, तिथल्या माझ्या वॉर्डातल्या सिस्टरनं तिची नुकतीच पाळलेली कुत्री आणली होती आणि पुण्याहून आलेल्या माझ्या आईला बर्फात पाय रुतू नयेत म्हणून हौसेनं रुंद स्नोशूज बांधले होते. “पायांना सुपं बांधल्यासारखं वाटतंय गं,” म्हणत आई बर्फातून फताफता चालत होती, पण कुत्रीपासून चार हात लांब. तिला कुत्र्याचं शिवणं अजिबात चालत नसे. धुकं उतरायला लागलं आणि नेमकी कुत्री बसली ती उठेचना. काटा रुतला असेल, की दमली? आम्ही दोघी नुसत्याच बघत राहिलो. आईनं मात्र वाकून तिचा पंजा हातात घेतला. बोटांच्या फटींत बर्फाच्या टणक गोट्या झाल्या होत्या. सिस्टर त्या ओढायला गेली, तशी “ओढू नका, केस उपटून येतील,” म्हणत आईनं ओठांना लावायची खोबरेलाची डबी काढली. थिजू नये म्हणून ती स्वेटरच्या आत ठेवलेली असे. चारही पंजे तिनं चोळचोळून मोकळे केले आणि कुत्री शेपूट हलवत उठली. पुढे जेवणाचा डबा उघडताना आईनं हात धुवायला पाणीसुद्धा मागितलं नाही, पोळीचा पहिला तुकडा कुत्रीला दिला. जन्मभराचं तिचं सोवळं नेमकं कितव्या पंज्यापाशी सुटलं, हे विचारायचं राहिलं ते राहिलंच.