एकाच जागी वाजवलेली वाटी

आमच्या कारखान्यातले जुने लोक वर्षातून एकदा मंचरला जमतात. जेवण साधंच असतं, पण उठायला चार तास लागतात. एकानं एक काढलं की दुसरा म्हणतो, "आणि ते बाजरीचं?" बाजरीचं संपलं की कुणीतरी एसटीचं काढतं. तेच किस्से, तीच माणसं, तरी दरवर्षी एखादा नवा निघतोच. तो आजवर कुणी का सांगितला नव्हता हे कळत नाही.

मी त्या कारखान्यात टेस्टिंगला अकरा वर्षं होते. या अकरा वर्षांत मला पगारापेक्षा जास्त वेळा काय मिळालं असेल, तर धक्के!

* * *

पहिला धक्का इंटरव्ह्यूलाच.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. कळंबला पुणे-नाशिक रोडच्या कडेला, कांद्याच्या वखारीमागं एक पत्र्याची शेड होती. बाहेर पाटीसुद्धा नाही. मी ओतूरची, डिप्लोमा होऊन दोन वर्षं घरी बसलेली. समोर भागवतसर, पुण्यातली चांगली नोकरी सोडून गावाकडं आलेले. माझी सर्टिफिकेटांची फाइल त्यांनी उघडलीच नाही. डब्यातली स्टीलची वाटी पुसली, बोटाच्या टोकावर तोलली आणि टिचकी मारली.

म्हणाले, "ही आता थरथरतेय. मी हिला फिरवली, तर थरथर हिच्याबरोबर फिरेल?"

मी म्हटलं, फिरेल की.

"पूर्ण नाही फिरत. थोडी मागं राहते. किती मागं राहिली ते मोजलं, की वाटी किती फिरली ते कळतं. चाक नको, बेअरिंग नको, झिजायला काही नाही. आपण एवढंच करतो."

पळत्या गाडीवरचा कॅमेरा स्थिर ठेवायला पुण्याच्या एका कंपनीला असा सेन्सर हवा होता. विजेनं सतत थरथरत राहणारी पातळ पोलादी वाटी आणि तिच्याभोवती तिची थरथर टिपणारं सर्किट. मला नोकरी लागली. घरी येऊन आईला सांगितलं.

आईनं विचारलं, काम काय?

"वाट्या वाजवायच्या."

आईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "त्याला डिप्लोमा लागतो?"

* * *

पोलाद साधं नव्हतं. पुण्याच्या कंपनीनंच एक गज दिला होता, त्यात आठ वाट्या बसत होत्या. आठातली एक जरी त्यांच्या तपासणीत पास झाली, तर पुढचं काम आम्हाला. एकही नाही झाली, तर शेडला कुलूप आणि आम्ही नऊ जण घरी. हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

वाट्या करायचे बबनभाऊ. निमगाव सावाचे, लेथवर हात असा की वाटीची भिंत केसाएवढी जाड राहिली तरी बोटाला कळायचं. एका वाटीला तीन आठवडे लागायचे. पहिली तयार झाली, टेबलावर मऊ कापडात ठेवली, आणि आम्ही सगळे बाहेर चहाला गेलो.

परत आलो तर वाटी नाही! शोधता शोधता मागच्या मोरीपाशी गेलो. झाडलोटीला येणाऱ्या हौसाबाई डब्याची भांडी घासून पालथी घालत होत्या. चार डबे, सहा चमचे आणि मध्ये आमची वाटी. राखेनं आणि काथ्यानं घासून लख्ख केलेली.

आम्हाला बघून हौसाबाईच म्हणाल्या, "काळपट राहिली व्हती. बायकू नीट घासत न्हाई वाटतं कुनाची."

सात उरल्या.

* * *

आता ते बाजरीचं.

दुसरी वाटी सेन्सरमध्ये बसवली, सेन्सर बोल्ट मारून दगडी ओट्यावर पक्का केला. जागचा हलणं शक्य नाही. तरी रोज सकाळी दहाच्या सुमाराला स्क्रीनवर आकडा चढायला लागायचा. सेन्सर सांगत होता, मी फिरतोय! सरांनी ओटा तपासला, वायरी बदलल्या, पंखे बंद केले. मला तर भीतीच वाटायला लागली. जागची न हललेली वस्तू डोळ्यांदेखत फिरल्याचं सांगते म्हणजे काय?

आठवड्यानं बबनभाऊंच्या लक्षात आलं. शेजारी पिठाची गिरणी होती, ती दहाला सुरू व्हायची. तिच्या पट्ट्याचा हादरा जमिनीतून आमच्या वाटीत शिरत होता. गंमत म्हणजे प्रत्येक दळणाचा हादरा वेगळा! गव्हाला आकडा थोडा चढायचा, मिरचीला उतरायचा, आणि बाजरीला नुसता नाचायचा. महिन्याभरात मी खुर्चीवरून न उठता सांगायला लागले की शेजारी काय दळतायत.

ओट्याखाली रबर घालीपर्यंत दोन महिने गेले. तोवर पुण्याहून रीडिंगसाठी फोन आला की सर गंभीर आवाजात सांगायचे, "आज नाही जमणार. आज बाजरी आहे."

पलीकडच्या साहेबांनी एकदाही विचारलं नाही, बाजरी म्हणजे काय.

* * *

हादरे थांबले आणि खरा धक्का तेव्हा बसला. वाटी आमच्याकडं पास व्हायची, पुण्यात नापास!

एक नाही, दोन नाही, तीन वाट्या तशाच परत आल्या. एक मध्येच लेथवर तडकली, ती वेगळी. आमच्याकडं टेस्टिंगला एक साचा होता. वाटीच्या काठावर बबनभाऊंनी एक खूण केलेली असायची, ती खूण समोर धरून वाटी साच्यात बसवायची, बारीक हातोडी खुणेवर पडायची, आणि आवाज इतका स्वच्छ यायचा की ऐकत राहावं. तीच वाटी पुण्यात गेली की जागच्या जागी बसून फिरल्याचं खोटं सांगायची.

सर म्हणाले, प्रवासात काहीतरी होतंय. रस्ता तेव्हा कसा होता ते खेडच्या घाटात बसलेल्यांना विचारा. म्हणून पुढची वाटी बबनभाऊ स्वतः घेऊन निघाले. मऊ कापडात गुंडाळली, वर लहान मडक्याएवढं गोधडीचं गाठोडं, आणि ते दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. गाडी खच्चून भरलेली. कंडक्टरनं गाठोडं बघितलं, बबनभाऊंचा चेहरा बघितला, आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला उठवून त्यांना बसवलं. ड्रायव्हरनं टेप बंद केला. राजगुरुनगर येईपर्यंत कुणी मोठ्यानं बोललं नाही.

शेवटी शेजारच्या म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "कोन गेलं, पावणं?"

बबनभाऊ म्हणाले, "आजून न्हाई कुनी. पुन्याचा रिपोर्ट आला की कळंल."

रिपोर्ट आला. नापास.

* * *

मग सातवीही गेली. एकच वाटी उरली, आणि पुण्याहून पत्र आलं की महिनाअखेर शेवटची मुदत.

त्या दिवशी सरांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. आरडाओरडा नाही, काही नाही. म्हणाले, दुसरीकडं अर्ज करून ठेवा, मी शिफारशी लिहून देतो. बबनभाऊ मान खाली घालून उभे होते. आपल्या हातानं सगळ्यांची भाकरी गेली असं त्यांनी मनाशी धरलं होतं. सर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काम बंद पडलं तरी चालेल, बबन. पण चुकलं कुठं तेवढं तरी कळायला हवं होतं."

मला रडू आलं. वाईट याचं की टेस्टिंग माझं होतं. पुण्याला गेलेल्या पाचही वाट्यांपुढं "पास" असं मीच लिहिलं होतं.

* * *

त्याच रविवारी आईबरोबर ओतूरच्या बाजारात गेले. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि हंडा घ्यायचा होता. भांडी कांतीशेठकडंच. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, पण शेठ आमच्याहून अस्सल ओतूरकर. आमच्याकडं भांडं वाजवल्याशिवाय कुणी घेत नाही. शेठनी पितळी हंडा उचलला, काठाला बोटाच्या पेरानं ठोकलं, आणि आवाज काय सुंदर! ठण्ण करून सरळ लांबपर्यंत गेला.

मी म्हटलं, घेऊ या.

आई म्हणाली, "शेठ, जरा फिरवा."

शेठ हसले, पण हंडा फिरवेनात. आईनं स्वतः फिरवला. मघाच्या जागेपासून चार बोटं सरकून ठोकलं. तोच हंडा, आणि आवाज घूंऽ घूंऽ करत वरखाली व्हायला लागला!

"ह्यो नगं. एका अंगाला जाड हाय."

मी आईला विचारलं, तुला कसं कळलं?

आई माझ्याकडं अशी बघायला लागली, जशी इंटरव्ह्यूच्या दिवशी बघितली होती. "आगं, भांडं काय एकाच जागी वाजवत्यात व्हय? इकनारा वाजवतो गोड जागी. घेनाऱ्यानं समदीकडं वाजवायचं."

शेठ म्हणाले, "वहिनींना मी वीस वर्षांत एकदाच फसवू शकलो. तेबी त्यांना ताप व्हता म्हणून."

मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर आमचा साचा होता, आणि वाटीवरची ती खूण.

* * *

सोमवारी आल्या आल्या बबनभाऊंना विचारलं, वाटीवर खूण कुठं करता?

ते म्हणाले, "कुठं म्हंजे? फिरवून फिरवून बघायची, जितं लई गोड वाजंल तितं. ते तिचं तोंड."

त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं. साच्यासाठी खूण कर एवढंच सांगितलं होतं. चांगली वस्तू दुसऱ्यापुढं चांगल्या अंगानं ठेवावी, इतक्या साध्या भावनेनं ते ती गोड जागा शोधून खूण करत होते. आम्ही तेवढ्याच जागी हातोडी मारत होतो. पुण्याचे लोक वाटी हवी तशी बसवत होते. आठ महिने आम्ही कांतीशेठसारखं भांडं विकलं, आणि तेही स्वतःलाच!

सर खुर्चीत बसले ते उठेचनात. म्हणाले, "हे पुस्तकात पहिल्या प्रकरणात आहे. भिंत एकसारखी नसेल तर दोन सूर निघतात, आणि नेमक्या जागी ठोकलं तर एकच ऐकू येतो. मी तीन वेळा शिकवलंय हे." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सुमन, तुझ्या आई येतील का?"

आई आली. डोक्यावर पदर, हातात पिशवी. सरांनी शेवटची वाटी तिच्यापुढं ठेवली. आईनं ती उपडी करून अंगठ्यावर घेतली आणि नखानं सगळीकडं हळूहळू वाजवत गेली. एका जागी थांबली, पुन्हा वाजवलं. लक्षात राहावी म्हणून कपाळावरची टिकली काढली आणि काठावर त्या जागी चिकटवली.

"हितं घोंगावती. ह्या अंगाला वाईच घासा."

बबनभाऊंनी टिकलीच्या शेजारी बारीक दगडानं घासलं. आई वाजवायची, मान हलवायची, ते पुन्हा घासायचे. दुपारी तीनला आई म्हणाली, आता झालं. मी साचा बाजूला ठेवला आणि वाटी सोळा ठिकाणी वाजवली. सगळीकडं एकच सूर! सेन्सरमध्ये घातली, तर स्क्रीनवरचा आकडा शून्यावर बसला आणि बसूनच राहिला.

बबनभाऊंनी डोळे पुसले. वाटी बाहेर काढली, तीही पुसावी म्हणून टिकली काढली आणि सहज एक टिचकी मारली.

घूंऽ घूंऽ.

एवढ्याशा टिकलीचं वजन धरून आम्ही वाटी तोलली होती! आईनं ती बबनभाऊंच्या बोटावरून घेतली आणि होती तिथं परत दाबून बसवली. आवाज पुन्हा सरळ.

सर म्हणाले, "आता कुणीही काहीही करायचं नाही."

वाटी तशीच गेली, लाल टिकलीसकट. चौथ्या दिवशी फोन आला. सर नुसतं हो, हो म्हणत होते. फोन ठेवून खाली फरशीवरच बसले आणि म्हणाले, "पास."

महिन्याभरात पुढच्या ऑर्डरचं ड्रॉइंग आलं. पन्नास वाट्या. टेबलावर उलगडलं, तर वाटीची उंची, काठाची जाडी, सगळं नेहमीचं. काठावर मात्र एक छोटं वर्तुळ काढलं होतं आणि बाणाच्या टोकाशी लिहिलं होतं: रंग लाल, प्रत्येकी एक नग, नमुन्याप्रमाणेच. खाली तिघांच्या सह्या.

सरांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून मला म्हणाले, आईंना विचारून ये, ती कुठल्या पाकिटातली होती.

संध्याकाळच्या एसटीनं घरी गेले. आई भाकऱ्या थापत होती. विचारलं.

आई हात न थांबवता म्हणाली, "ती? जत्रंतलं पाकीट व्हतं ते. तेवढी येकच उरली व्हती."