कूकमामांचं नाक

आमच्या घरात काय शिजलंय हे कूकमाम फाटकातूनच सांगत. "आज कुळथाची पिठी. आणि लसूण वायच करपली." आई हातात पळी घेऊन बाहेर येई आणि हसत कबूल करी. तीस वर्षं ते परदेशी बोटींवर कूक होते, म्हणून वेंगुर्ल्यातली आमची अख्खी वाडी त्यांना कूकमाम म्हणे. खरं नाव फक्त पाद्र्याला ठाऊक असावं.

बाजारातली कोळंबी, सुकवलेला बांगडा, नव्या मसाल्याची पुडी, सगळं आधी त्यांच्या नाकाखालून जाई. एका साखरपुड्यात ते माशाच्या पातेल्यावर वाकले आणि म्हणाले, "ह्या वाढू नको." यजमान भडकले. कूकमामांनी ऐकून घेतलं, पातेलं उचलून माडाच्या मुळाशी ओतलं आणि घामाघूम होऊन साठ माणसांसाठी अंड्याचं सांबारं रांधलं. "माणूस खोटा बोलात, मासो बोलूचो नाय," असं ते नेहमी म्हणत.

मामी गेल्यावर ते एकटेच राहत. संध्याकाळी सोप्यावर बसून एकच पाइप ओढायचा, हा बोटीवरचा नेम त्यांनी घरीही ठेवला होता. तंबाखू चेरीच्या वासाची. "धूर गिळूचो नसता गो, नाकान चाखूचो," असं मला सांगत. मी मस्कतला इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरीला लागल्यापासून तो डबा मीच आणत असे.

दोन वर्षांपूर्वी मी सुट्टीवर निघाले तेव्हा दुकानात नेहमीचा डबा नव्हता. दुकानदाराने दुसराच पुढे केला. लाटाकिया नावाची धुरावर मुरवलेली पानं, वर व्हिस्कीचा स्वाद. रिकाम्या हातांनी जाण्यापेक्षा बरा, म्हणून घेतला. घरी बॅग उघडली तर आई स्वयंपाकघरातून धावत आली. "काय जळता गो?" काजूच्या टरफलांची भट्टी, डांबर लावलेला दोर आणि वर सांडलेली दारू, असा काहीतरी तो वास होता.

कूकमाम आता काय बोलतात ते ऐकायला आईही माझ्याबरोबर आली. मी मुद्दाम काही सांगितलं नाही. त्यांनी डबा घेतला, पाइप भरला, पेटवला. सोपा धुराने भरला. आईने पदर नाकाला लावला. रस्त्याने चाललेली मासेवाली कार्मेलीन टोपली सावरत थांबली आणि ओरडली, "मामा, खंय आग लागली रे?"

कूकमामांचे डोळे मिटलेले होते. "वा!" ते म्हणाले. "तीच गो ती. चेरी. कितकी गोड!"

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी आणखी एक झुरका घेतला आणि मान डोलावली. मी डबा उचलून वरची अक्षरं मोठ्याने वाचली. व्हिस्की. लाटाकिया. त्यांनी पाइप तोंडातून काढला. माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. हातातला पाइप विझून गेला.

"कोरोनाचो ताप इललो ना," ते खाली बघत म्हणाले, "तेवाच गेलो वास. मगे परत येवकच नाय."

म्हणजे तीन वर्षं! आई पायरीवर बसलीच. "आणि परवाची कोळंबी? तू बरी म्हणालंस म्हणान मी रांधलंय."

"डोकी बगलंय. काळी नव्हती. आणि तुझा तोंड बगलंय. तुका पसंत हुती."

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं होतं. "हाताक भाजला ता तेलान नाय," ते पुढे म्हणाले. "गॅस सुटलेलो. माका कळाकच नाय. पाइप पेटवूक काडी ओढलंय, आणि भडकोच झालो." पावसाळ्याआधी आईने पंधरा दिवस त्यांच्या हाताला मलम लावलं होतं. तेल उडालं म्हणून त्यांनी सांगितलं आणि आम्ही मानलं. मी लॅबमध्ये दिवसभर माणसांचं रक्त तपासते, आणि शेजारच्या घरातलं एवढं मला दिसलं नव्हतं.

"कोणाक सांगू नको गो," ते मला म्हणाले. "वासासाठी म्हणान तरी लोक माझ्या दारात येतत."

मी वचन देणार होते. आईने देऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने माणूस बोलावून त्यांचा सिलिंडर भिंतीबाहेर काढून घेतला, आणि कार्मेलीनला सगळं सांगितलं. कार्मेलीनला सांगितलं म्हणजे वाडीला सांगितलं. कूकमामांनी दार लावून घेतलं. दोन दिवस आईशी बोलले नाहीत, जेवणाचं ताट तसंच परत आलं. मीही आईवर चिडले होते.

तिसऱ्या दिवशी कार्मेलीनने त्यांच्या दारात टोपली उतरवली. "मामा, बांगडो बग."

आतून आवाज आला, "माका वास येणा नाय. आयकलंस ना?"

"मगे डोळ्यान बग! माझ्या टोपलीत नाक घालूक कोण सांगता तुका?"

मग कडी निघाली.

मी मस्कतला परतले. तीनेक महिन्यांनी, कामाच्या वेळेत, त्यांचा फोन आला. ते कधी स्वतःहून फोन करत नसत. मला वाटलं, आईचं काही झालं. "गो," ते म्हणाले आणि थांबले. "ह्या तुझ्या डब्याक... कसलो घाण वास गो! जळक्या दोरासारखो!"

मी खुर्चीत बसले. शेजारच्या टेबलावरची मुलगी काय झालं म्हणून विचारत होती, मी तिला हातानेच थांबवलं. बाकी कसलाच वास येत नव्हता त्यांना. कॉफी नाही, मासा नाही, फुलं नाहीत. फक्त तो जळका दोर.

"चेरीचा डबा पाठवू का मामा? मिळतोय आता," मी विचारलं.

"नको. होच घेवन ये," ते म्हणाले. "घाण आसता, पण येता."

मी त्याच दिवशी दोन डबे घेतले. एक ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला, तो त्यांना मिळाला. दुसरा मी सुट्टीत घेऊन गेले, तेव्हा त्यांना जाऊन नऊ दिवस झाले होते.